रोटावर सुट्टी

"पायांचे तुकडे पडलेत गं, तनू."

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी नर्स होत्या.

"नलूताई, ड्युटीच्या रोटावर तुमची सुट्टी आणि हातात बेडपॅन! वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर ना तुम्ही? एजन्सीची बदली नर्स मागवायची."

"बजेटात बसत नाही."

"मग स्वतःचे जादा तास तरी लिहा."

"तेही बसत नाहीत."

"वर्षभर फुकट?"

"वॉर्ड चालला ना?"

"चालला की. म्हणूनच मॅनेजरला वाटलं, एक नर्स कमी केली तरी चालेल."

"बिचारी मायकेला. शुक्रवारी शेवटचा दिवस. तिच्या निरोपाच्या कार्डावर काय लिहावं, सुचतच नाहीये."

"खरं सांगू, ताई?"

"सांग."

"तुम्ही फुकट राबलात, म्हणून तिची नोकरी गेली."