पातळ कव्हरं आणि माझी जाऊ

मुलांनो, माझ्या फोनला जे पातळ कव्हर आहे, ते तयार करणाऱ्या वंदनाताई सुकापूरला राहतात. त्यांचा मुलगा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे, म्हणून त्या मला बाई म्हणतात. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत उतरवलं आहे. त्या बोलतात तसंच लिहिलं आहे, तेव्हा तुम्हीही ते मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल.

मी मूळची उरणकडची. बाप होडीवर, आई मिठागरावर, आणि आमी चार भावंडं दिवसभर खाडीत. सुट्टी लागली की मला पेणला मावशीकडे धाडायचे, मावशी गणपतीच्या कारखान्यात कामाला, मंग मी तिथं शाडू मळायची, मळता मळता उंदीर करायची, लाडू करायची. दहावी झाली आणि लग्न होऊन सुकापूरला आले. सासरची भातशेती होती ती रस्त्यात आणि बिल्डिंगांत गेली, त्याच्या पैशावर ह्यांनी कोन गावाच्या बाजूला एक शेड घातली आणि प्लास्टिकचं मोल्डिंग मशीन आणलं. आधी बाटल्यांची बुचं काढायचे, मंग बादल्यांचे कान, आणि मंग मोबाईलची कव्हरं, कारण मोबाईल काय बाई, घरात माणसं तेवढे झाले.

कव्हरांचे साचे तवा आयते मिळायचे. मशीनमधनं कव्हर बाहेर पडलं की कडेला जादा प्लास्टिक राहतं, ते आमी बायका खाली गोणपाटावर बसून ब्लेडनं कापायचो. मी मालकाची बायको, पण गोणपाट तेच. तर बंदरावर ट्रेलर चालवणारी माणसं ह्यांच्याकडे यायची, बोलायची, शेठ, केबिनमधनं उतरताना फोन पडतो आणि काच जाते, कव्हर घालून उपयोग नाय. मी ते ऐकलं. घरी एक मेलेला फोन होता, त्याच्यावर मी शाडू चढवला, कोपऱ्याला अंगठ्याएवढा जाड, कडा वर उचललेल्या, आणि ह्यांना बोलले, असं करून बघा. हे हसले. बोलले, हा फोन हाय की म्हशीचा खूर. पण साचेवाल्याकडे घेऊन गेले, आणि ते कव्हर ड्रायव्हर लोकांत असं चाललं म्हणून सांगू. त्याला होडी बोलायचे. एक होडी द्या, दोन होड्या द्या.

मंग मला शेडच्या वरची खोली मिळाली. खिडकी, पंखा, एक टेबल आणि खुर्ची. तुमाला खुर्चीचं काय वाटणार, तुमी जन्मभर खुर्चीत बसून शिकवलं. पण मी सकाळी डबा करून वर जायची, खुर्ची पुसायची, बसायची, आणि खालनं कोणी हाक मारली की लगेच उठायची नाय. थोडं थांबून ओ द्यायची.

आणि मंग दिराचं लग्न झालं.

श्रुतिका रोह्याची. प्लास्टिकचा डिप्लोमा केलेली, गोरी, बोलणं एकदम स्वच्छ, सासूला अहो आई, मला वहिनी. आल्यावर पंधरा दिवसांत कारखान्यात आली, माझी होडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि बोलली, वहिनी, छान आहे हो, पण ही जीन्सच्या खिशात कशी जाणार? मी बोलले, ड्रायव्हर शर्टाच्या खिशात ठेवतात. ती बोलली, सगळं जग ड्रायव्हर नाहीये ना वहिनी. हसून बोलली. वाईट काय नाय बोलली. तेच तर, ती कदी वाईट बोलत नाय, मंग माणसानं भांडायचं तरी कशावर?

दिरानं तिला कॉम्प्युटर आणून दिला. कॉम्प्युटर ठेवायला टेबल लागतं, टेबल वरच्या खोलीत. कॉम्प्युटरसमोर बसायला खुर्ची लागते. मला कोणी ऊठ बोललं नाय बाई. मी सकाळी डबा करून गेले तर ती बसलेली होती, आणि माझा शाडूचा गोळा खिडकीत ओल्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवला होता. तोही तिनंच गुंडाळला होता.

आमच्या कारखान्यात एक रीत हाय, ह्यांनी पाडलेली. नवं कव्हर काढलं की ज्यानं काढलं त्यानं स्वतःचा फोन त्यात घालायचा आणि कानाजवळनं लादीवर सोडायचा. दुसऱ्याचा फोन चालणार नाय. हे बोलतात, दुसऱ्याचा फोन कोणीपण पाडील, स्वतःचा पाडायचा असला की माणूस काढतानाच नीट काढतो. श्रुतिकानं पहिलं पातळ कव्हर काढलं, कागदासारखं, आरपार दिसणारं. मशीन बंद करून सगळे जमले. तिचा फोन लग्नात माहेरनं दिलेला, नवा. सासू बोलली, अगो, जुना घे कोणाचा तरी. ती बोलली, नाही आई, नियम म्हणजे नियम. कानाशी नेला आणि सोडला.

मी मनात काय बोलले ते सांगू? फूट. फूट एकदाचा. फोन कोपऱ्यावर पडला, उडाला, परत पडला. काचेला चरा नाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

त्या दिवसापासनं माझी होडी वर्षाला थोडी आणि तिचं पातळ कव्हर सगळ्या दुकानांत. पनवेलच्या बाजारात आमचा माल घेणारा शेठ विचारायचा, धाकट्या मॅडमनी नवीन काय काढलं? ह्यांना विचारायचा, मी बाजूला उभी असताना. मी खाली ब्लेड घेऊन बसायची आणि तिच्याच कव्हराच्या कडा कापायची. चहा द्यायला वर जायची ते तिच्या पाठीमागे उभी राहायची. ती माउस कसा फिरवते, रेघ कशी ओढते, भिंत जाड कुठे करते, पातळ कुठे. तिला वाटायचं वहिनीला कौतुक. सांगायचीपण, बसा ना वहिनी, दाखवते. मी स्टूल ओढून बसायची. जेवण जायचं नाय मला, पण शिकले मी. तिला हरवायचं तर तिचंच हत्यार हातात पाहिजे.

एकदा माहेरी गेले होते, भावाची होडी धक्क्याला लागत होती. होडीच्या बाजूला टायर बांधलेले असतात, बघितलेत ना तुमी? जन्मभर बघितले मी. त्या दिवशी एकदम डोक्यात आलं, टायर सगळ्या बाजूला नसतात, जिथं धक्का लागतो तिथंच असतात. आणि टायर भरीव नाय, पोकळ असतो, म्हणून दबतो. तर कव्हर सगळं जाड कशाला पाहिजे? कोपऱ्यालाच द्या, आणि कोपऱ्यात आत पोकळ ठेवा, हवा राहू दे. जेवलेपण नाय, रिक्षा केली, एसटी पकडली, कारखान्यात आले, धापा टाकत वर गेले आणि श्रुतिकाला सांगितलं, टायर, हवा, सगळं.

ती बोलली, हो वहिनी, अगदी बरोबर, हे बघा. आणि पडद्यावर स्वतःचं कव्हर फिरवून कोपरा मोठा करून दाखवला. आत पोकळी. पहिल्या दिवसापासनं होती. मी महिनोन्‌महिने त्याच्या कडा कापल्या आणि मला दिसली नाय. ती बोलली, आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं हे. पण तुम्ही न शिकता काढलंत वहिनी, कमाल आहे.

काय सांगू तुमाला बाई, त्या कमालीचा मला जेवढा राग आला तेवढा शिवीचा आला नसता. जी गोष्ट मला समुद्रानं एवढ्या वर्षांनी दिली ती हिला वर्गात बाकावर बसून मिळालेली. घरी आले तर सासू बोलते, एवढी पळत आलीस ती कशाला, भावानं म्हावरं दिलं नाय काय?

मंग श्रुतिकाला दिवस गेले. सातव्यात तिची ओटी भरली आणि पहिलं बाळंतपण म्हणून रोह्याला गेली. आणि नेमका तवाच एक नवा फोन बाजारात आला होता, शेठ बोलला, गणपतीच्या आधी कव्हर पाहिजे, पातळ पाहिजे, धाकट्या मॅडमसारखं पाहिजे. हे माझ्याकडे बघायला लागले. दीर बोलला, श्रुतिकाला घरूनच करायला सांगूया. मी बोलले, तिला झोपू द्या, मी करते.

खुर्चीत बसले. पाठीला बरं वाटलं.

मापासाठी तो नवा फोन घरी आणला तशी सासूनं त्याची पूजा केली, आमच्यात नवीन वस्तू पूजा केल्याशिवाय वापरत नाय. पाठीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, वर हळद, दोन अक्षता. ते वाळलं. आता देवाचं बोट पुसायचं कसं? मी आपली व्हर्निअर, ती जाडी मोजायची पट्टी, लावून त्या वाळलेल्या कुंकवावरनंच फोनचं माप घेतलं. होडी असती तर काय फरक पडला नसता. पण पातळ कव्हराला केसाएवढं अंतर म्हणजे फार, हे मला माहीत होतं, तिच्या पाठीमागे उभं राहून शिकलेले, तरी हात जोडल्यावर डोकं चालत नाय माणसाचं. कॉम्प्युटरला जोडलेल्या थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा नमुना काढला. जमले सगळे. तो फोन आता माझाच धरला. कानाशी नेला, सोडला. फोन कव्हराच्या आत खुळखुळ्यासारखा हलला आणि काच वरपासनं खालपर्यंत गेली.

दिरानं रोह्याला व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. ती आडवी पडलेली, पोट एवढं मोठं, बोलली, वहिनी, फोन उलटा करा. केला. जवळ आणा. आणला. मंग बोलली, ते मागे लाल काय आहे?

हसली नाय. हसली असती तर मी फोन आपटला असता. बोलली, आई तिथंच असतील ना, त्यांच्यासमोर पुसू नका, बाथरूममध्ये नेऊन पुसा. तेवढं बोलून कुशीवर वळली.

मी पुसला, परत मापं घेतली, परत काढलं. आणि ह्या वेळी मी एक गोष्ट माझ्या मनानं केली. तिची कव्हरं पातळ होती, काच वाचवायची, पण गुळगुळीत, हातातनं सटकायची. फोन पडला तर वाचतो ते खरं, पण पडतोच कशाला? मी कडेला, जिथं अंगठा आणि बोटं बसतात तिथं, बारीक बारीक खाचा दिल्या, दिसतपण नाय अशा, हाताला तेवढ्या लागतात. जाडी वाढली नाय. फोनला नवी काच बसवून आणली, पाडून बघितला, काच राहिली. मंग हे बोलले, आता ओल्या हातानं धर. धरला. सुटला नाय.

मीच रोह्याला फोन लावला आणि दाखवलं. श्रुतिकानं बघितलं. ती बोलणारी पोरगी, छान आहे, कमाल आहे, लगेच बोलणारी. तर काय बोलेचना. एवढा वेळ गप्प, मला वाटलं नेटवर्क गेलं. मंग हळूच बोलली, हे माझ्या डोक्यात का नाही आलं?

बाई, ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं होतं. मी तसं किती वेळा बसले होते ब्लेड घेऊन.

मुलगी झाली तिला. तीन महिन्यांनी बारसं वगैरे उरकून ती सुकापूरला आली. माझं कव्हर तवा बाजारात चालत होतं, शेठ आता विचारायचा, मोठ्या मॅडम काय काढतायत? आणि जेवताना सासू बोलली, श्रुतिका, आता वरचं वंदना बघंल, तू पोरीला बघ, दोन वर्षं तरी. दीर खाली मान घालून जेवत होता. श्रुतिका बोलली, बरं आई. भात चिवडत बसली.

म्हणजे खुर्ची माझी झाली. कोणाशी न भांडता. मी बोलले, नको. सकाळची ती बसंल, पोरगी मी सांभाळीन. दुपारनं मी बसीन.

गावात बोलतात, वंदनाचं मन मोठं. मन कुठलं मोठं? ती खाली बसली असती तर जन्मभर सगळे बोलले असते, वंदना वर हाय कारण श्रुतिका खाली हाय. मला ते नको. ती समोर पाहिजे, कॉम्प्युटर चालू पाहिजे, तिनं तिचं काढावं, मी माझं काढीन, मंग शेठ सांगू दे कोणाचं चांगलं. अजून तिचं चांगलं झालं की मला रात्रीचं जेवण जात नाय. गेल्या महिन्यात तिनं घडीच्या फोनचं काढलं, मधे बिजागरी असते ते, मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाय. तिला कळतं. तीपण माझं काय चांगलं झालं की मला चहा आणून देते आणि साखर विसरते.

आता सकाळभर पोरगी माझ्याकडे. अंघोळ घालते, नाचणीची पेज भरवते, खांद्यावर टाकून शेडच्या बाहेर फिरवते, मशीनच्या आवाजात छान झोपते ती. दुपारी श्रुतिका खाली येते, हात पुढे करते, ये गं माझी बाय. पोरगी तिच्याकडे बघते आणि माझ्या मानेत तोंड घालते, पदर घट्ट धरते. श्रुतिका हसते, पण कसं हसते ते मला माहीत हाय. बोलते, वहिनी, तुम्ही लाडावलंत तिला. मी बोलते, हो गो, लाडावलं.

देव दोघींना सुखी ठेवो, मायलेकींना, हातापायानं धड ठेवो. रोज बोलते मी हे दिव्यासमोर, मनापासनं बोलते. पण तिनं हात पुढे केला की मी पोर लगेच देत नाय.