अण्णांची झोप

आमच्या ऑफिसातल्या त्या टूलचं कौतुक माझ्यासमोर नका करू. का, ते सांगतो.

हातातलं फिटनेसचं घड्याळ पावलं आणि झोप मोजतं. ती माहिती हे टूल एआयला आणून देतं, मग आपण विचारलं की एआय उत्तर देतं. टूल कसं वापरायचं, ते लिहायचं काम माझ्याकडे होतं. नमुना खरा हवा, म्हणून मी सायखेड्याला गावी राहणाऱ्या अण्णांना घेऊन दिलेलं घड्याळ जोडलं आणि विचारलं, “वडील कसे आहेत?”

उत्तर आलं, “चालणं उत्तम. झोप मात्र जेमतेम तीन तास.”

नमुना म्हणून ते तसंच उतरवलं आणि अण्णांना फोन लावला. “झोप का लागत नाही?”

“मला? पडल्या पडल्या घोरतो मी.”

शंका आली. रविवारी गावी गेलो, तर अण्णा खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये आणि घड्याळ आईच्या मनगटावर.

“विहिरीवरच्या मोटारीपाशी घसरले, पंधरा दिस झाले,” आई म्हणाली. “तुला फोनवर पावलं थांबलेली दिसली असती तर तू काम टाकून पळत आला असता. म्हणून मीच घातलं.”

“आणि झोप?”

आई चहा टाकायला उठली. अण्णाच म्हणाले, “रात्रीतून चारदा उठवतो मी तिला. मी परत घोरतो, तिला नाय लागत.”

सोमवारी मी एक ओळ वाढवली: ‘घड्याळ कोणाच्या हातात आहे, याची आधी खात्री करावी.’ साहेबांना ती फार आवडली.

आईच्या झोपेची चौकशी मी आयुष्यात पहिल्यांदाच केली होती. तीही अण्णांची समजून.