गोटीकाकांची पोस्ट

नाही, नाही, रणजीतसर, हार लेथवर नका घालू — म्हणजे घाला, माझी काय हरकत असणार, पण तिथे ऑइल सांडलंय, तुमचा पांढरा शर्ट, डाग पडला तर जायचा नाही — द्या, माझ्याकडे द्या, मी घालतो नंतर. केबिनमध्ये या तुम्ही. एसी लावतो. हो, हीच ती लेथ, गोटीकाकांची, तुम्ही अप्रेंटिस होतात तेव्हाची हीच — बावीस वर्षं झाली? बघा म्हणजे. हँडलचा रंग उडालाय ना, तो काकांच्या तळव्याने उडालाय. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत — देत नव्हते. नव्हते देत. सवय हो, जात नाही लवकर. बसा. आज सुट्टी आहे म्हणून शांत, नाहीतर रबाळ्यात या वेळेला स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. चहा मीच करतो, पोरं कोणी नाहीत. साखर कमी? कमी टाकतो. काका बशीत ओतून पितात — प्यायचे, बशीत — आणि कपाला वास येतो म्हणायचे. बरं, ते जाऊ दे.

पत्ता? कोणाचा पत्ता? काकांच्या घरचा... अहो, तळवलीच्या त्या गल्ल्या, तुमची गाडी आत जाणार नाही, आणि काकी सध्या कोणाला भेटत नाहीत. खरंच नाही भेटत. मी कळवतो ना त्यांना, रणजीतसर येऊन गेले म्हणून. तुम्ही काहीतरी विचारलंत मघाशी — हां, मी लिंक्डइनवर कसा काय आलो. काय सांगू तुम्हाला! आमच्या बाबांचा धंदा तुम्ही बघितलाय. नंदकुमारशेठ म्हणजे काय, दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि वर्षभर वेळेवर माल, विषय संपला. व्हिजिटिंग कार्ड एकदाच छापली, त्यातली निम्मी अजून त्या ड्रॉवरमध्ये आहेत. बाबा गेले आणि दोन वर्षांत काय झालं — दोन मोठे कस्टमर होते आपले, एकाने प्लांट हलवला, दुसऱ्याकडचा परचेस मॅनेजर बदलला. नवीन आलेला पोरगा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मिठाई खात नाही, शुगरचं टेन्शन. म्हणतो, तुमचं प्रोफाइल पाठवा. मी म्हटलं, कंपनीचं? तो म्हणतो, नाही, तुमचं. आता माझं काय प्रोफाइल असणार, सर? घणसोलीचा मी, सकाळी आठला येतो, रात्री आठला जातो!

मग सईने, बायकोने, एका कोर्सला घातलं. वाशीला, हॉटेलच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार, जेवणासकट. नमिता मॅडम म्हणून आहेत, हुशार बाई, खोटं नाही सांगत. दिवसाआड लिहा म्हणाल्या. मंगळवारी सकाळी साडेआठला टाका, लोक ऑफिसला निघालेले असतात. पहिली ओळ अशी पाहिजे की माणूस थांबला पाहिजे. मी आपला बुशचा, पंपात बसतं त्या ब्रॉन्झच्या नळकांड्याचा, फोटो टाकायचो, खाली लिहायचो, क्वालिटी हीच आमची ओळख. अकरा लाइक. त्यातले चार मी स्वतः फोन करून मागितलेले. बरं, ज्याला मागावं तो म्हणतो, कशाला रे, मी तर तुझा माल घेतो! मॅडम हसल्या. म्हणाल्या, वरद, बुशला कोण लाइक करणार? माल नका दाखवू, माणूस दाखवा. आता माणूस कुठून आणू? मी स्वतः म्हणजे पोट सुटलेला, बोलायला लागलो की थांबत नाही, हे तुम्ही बघताच आहात. पण आपल्याकडे माणूस होता ना — आहे — होता.

खंडेनवमीला मशीनपूजा असते आपल्याकडे, तुम्हाला आठवत असेल. पोरांनी लेथला हार घातला, एक हार उरला, तो घातला काकांच्या गळ्यात, मस्करीत. काका लाजले. मान जरा खाली, डोळे मिटल्यासारखे, असा फोटो आला. सुंदर फोटो, सर. मॅडम म्हणाल्या, मागे कॅलेंडर आहे, बालदी आहे, ते कापा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा, एकदम क्लासी. केलं. खाली लिहिलं — चौतीस वर्षं. एक लेथ. एक माणूस. थँक यू, काका. आणि ते हात जोडलेलं चिन्ह. बस एवढंच. तुम्ही सांगा, यात मी चुकीचं काय लिहिलं? एक शब्द खोटा आहे का? पण आपल्याकडे हार घातलेला काळापांढरा फोटो म्हटल्यावर — नाक्यावर असले बोर्ड रोज बघतो आपण — माणूस पुढचं वाचतोय कशाला!

पहिली कॉमेंट आली, ॐ शांती. मी म्हटलं, कोण हा येडा. मग भावपूर्ण श्रद्धांजली. मग एक म्हणाला, असे कारागीर आता होणे नाही. तासाभरात दोनशे. मी लिहायला घेतलं होतं, शपथ, लिहायला घेतलं होतं की अहो — की गैरसमज — तेवढ्यात इनबॉक्समध्ये चौकशी. पुण्याची कंपनी. मग अजून एक. म्हटलं, ही दोन उत्तरं देतो आणि मग लिहितो. संध्याकाळपर्यंत सहा हजार. सहा हजार माणसांना आता काय सांगायचं? प्रत्येक कॉमेंटखाली हात जोडत गेलो. नुसते हात. हात जोडले म्हणजे खोटं बोललो असं थोडंच आहे? आणि मग तुमची पोस्ट आली. तुम्ही माझी शेअर नाही केलीत, फोटो घेऊन स्वतःची वेगळी लिहिलीत — 'माझ्या हाताला वळण लावणारा पहिला गुरू गेला'. माझ्या सईला रडू आलं वाचून, आणि तिला तर सगळं ठाऊक होतं. म्हणजे — काका कसे होते, ते ठाऊक होतं. तुमची तर माझ्यापेक्षा जास्त चालली ना? एकवीस हजार! सर, लिहिता चांगलं तुम्ही.

तुमच्या कंपनीचं ड्रॉइंग आणलंय ना? दाखवा, दाखवा, कामाचं बोलू. हं. ब्रॉन्झ बुश. भिंत किती पातळ आहे हो ही... पॉइंट झीरो वन मिलिमीटरमध्ये पाहिजे? आणि सुटे नग, पंधरा-वीस. जुन्या पंपांचे. बरोबर, म्हणून कोणी घेत नसणार. हे लेथच्या चकमध्ये, त्या जबड्यात, धरलं आणि जरा जास्त आवळलं की झाला अंड्यासारखा, जरा सैल ठेवलं की उडाला. इथे मीटर-बीटर काही चालत नाही, हाताला कळावं लागतं. आमच्या पोरांनी असलेच केले मागच्या आठवड्यात, बारातले नऊ भंगारात. नाही, होईल ना, होणार कसं नाही, हे काय, हे मी काकांना दाखवतो, ते बघतील आणि सांग...

...

एसी जास्त झालाय का? कमी करतो. नाही, मी म्हणालो ते — काकांना म्हणजे — सर, असं नका बघू माझ्याकडे. आहेत. आहेत काका. तळवलीला आहेत, घरी, ठणठणीत आहेत. काही झालेलं नाही त्यांना. मुद्दाम बोलावलं तुम्हाला सुट्टीच्या दिवशी, पोरांपैकी कोणी बोलून गेलं असतं म्हणून. घ्या. सांगून टाकलं. बारा दिवस झाले, जेवण जात नाही मला. ऐकून तरी घ्या पूर्ण, मग काय बोलायचं ते बोला.

काकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते हसले! म्हणाले, मेल्याची खोटी बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढतं, असूं दे. मलाही बरं वाटलं. पण मग आमचे जुने टूलवाले, कोंडिबा, त्यांना मुलाने मोबाईलवर दाखवलं. भला माणूस. पांढरा झब्बा चढवून गेला तळवलीला, समाचाराला. दुपारची वेळ. पुतळाकाकी ओट्यावर सुके बोंबील साफ करत बसलेल्या. यांनी समोर जाऊन हात जोडले, म्हणाले, वहिनी, धीर धरा. आता बघा सर, सकाळी साडेसातला नवरा डबा घेऊन कामाला गेलेला. तिला काय वाटेल? तिला वाटलं आत्ताच झालं. मशीनवर झालं. ती बाई तशीच उठली, पायात चप्पल नाही, हाताला बोंबलाचा वास, रिक्षात बसून आली, आणि गेटपासून ओरडत आली. तो आवाज मी या इथे, या खुर्चीत ऐकला. काका आत डबा खात होते, तोंडात घास तसाच, बाहेर आले. काकी रडल्या नाहीत. त्यांनी काकांचे हात धरले, दोन्ही, आणि बोटं मोजली. एक एक करून. दहा.

मग माझ्याकडे वळल्या. मे महिन्याच्या सुट्टीत आई मला त्यांच्याकडे सोडायची, त्यांच्या हातची भाकरी खाल्लीय मी. मला म्हणाल्या, माजा दादला जिता हाय नि तुजे मोबाईलमदी त्याला हार? माजं कुकू पुसायला तुला कोनी सांगितलं, वरद? मी पाया पडलो. म्हटलं, काकी, आजच काढतो. काका त्यांच्याबरोबर घरी गेले, जाताना म्हणाले, फोटो काढ बाला, मंग येतो, तिचे समोरून मला असा नाय येता येनार. आणि त्याच संध्याकाळी, सर, त्याच संध्याकाळी तुमचा मेसेज — व्हिजिटला येतो, ड्रॉइंग घेऊन येतो. म्हटलं, व्हिजिट होऊ दे, मग काढतो. आज काढतो, उद्या काढतो. काका नाहीत तर माल धड निघत नाही, आणि पोस्ट नाही तर गिऱ्हाईक येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोला ना, सर. शिव्या घाला. तुमचा हक्क आहे, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, फसवलं मी तुम्हाला.

हसताय? ...काय? राहू दे म्हणजे? पोस्ट राहू दे? थांबा, मला नीट कळू द्या. तुमच्या एमडींनी तुमची पोस्ट शेअर केलीय, बरोबर. पुढच्या महिन्यात व्हेंडर मीटला तुमचं भाषण ठेवलंय, पहिला गुरू म्हणून, मागे स्क्रीनवर हाच फोटो. आणि आता माझी पोस्ट गेली की लोक विचारणार, आणि तुम्ही तोंडावर पडणार. हं. मग काका? काकांनी घरी काम करायचं? बरं, घरी नाही, सुट्टीच्या दिवशी इथे, मागच्या दाराने. नाव नाही, फोटो नाही, कोणाला कळायचं कारण नाही. आणि ऑर्डर? वर्षभराची. लेखी देता? ...लेखी देता.

जरा थांबा. विचार करू दे. वर्षभर म्हणजे खूप झालं, सर, वर्षभरात मी सगळं मार्गाला लावतो, पोरांना शिकवून घेतो काकांकडून, तोपर्यंत लोकही विसरतील, लोक काय, मंगळवारचं बुधवारी विसरतात. होऊ शकतं. फक्त एक सांगा मला. काकींना काय सांगू? नाही, तेवढंच सांगा, बाकीचं मी बघतो. रोज सकाळी आंघोळ करून कुंकू लावायला आरशासमोर उभी राहते ना ती, तिला काय सांगू — की काकी, अजून एक वर्ष?

घड्याळ काय बघताय? मघाशी पत्ता मागत होतात. मेले होते तेव्हा पत्ता हवा होता तुम्हाला. जिवंत आहेत म्हणून कळल्याला दहा मिनिटं झाली, एकदा तरी विचारलंत, कसे आहेत म्हणून? रिक्षाने अर्धा तास नाही लागत इथून. गुरू म्हणता ना? नाही, मी काही साधू नाही, मीही बारा दिवस हेच केलं, पण माझं मला दिसत नव्हतं हो. आत्ता तुम्ही बोलायला लागलात आणि दिसलं. काय घाण दिसतं ते, समोरच्याने केल्यावर.

थांबा, बसा, उठू नका एवढ्यात, हे बघून जा. कुठे असतं ते... हां, हे तीन टिंब. डिलीट. विचारतोय, नक्की का? बाबा रे, बारा दिवस तेच विचारतोय स्वतःला. नक्की. बघा. गेली. सहा हजार आणि वरचे सगळे, ॐ शांतीसकट. तुमचं ड्रॉइंग घेऊन जा, नाही पाहिजे मला. चहा राहू दे तसाच, गार झालाय.

आता काका फक्त तुमच्या फोनमध्ये मेलेले आहेत, सर. निघा तुम्ही.