चौदा नंबरची भिंत

—नाही नाही, चपला राहू द्या ताई, लाकडी फरशी आहे, तिला काही होत नाही — मी असाच अनवाणी फिरतो, सवय झालीय — या, इकडे या, स्वयंपाकघर नंतर दाखवतो, आधी ही खिडकी बघा. सकाळी इथून ऊन शिरतं ते थेट जिन्यापर्यंत. आणि शांतता? ऐका जरा. येतंय काही ऐकू? तेच म्हणतो मी! शहर पन्नास मिनिटांवर, आणि इथं शेजारी शिंकला तरी कळत नाही. शेजारी ना? उत्तम. अकरा वर्षांत कुणाशी वाजलं नाही — वाजणार कधी, भेटतोय कोण? पहाटे गाडी काढायची, स्टेशनवर लावायची, सहा वीसची ट्रेन. संध्याकाळी तसंच परत. फाटकाचं रिमोट गाडीतच असतं — बटण दाबलं, फाटक उघडलं, गाडी आत, फाटक बंद. चेहरे नाही हो कळत इथं, गाड्या कळतात. लाल जीप म्हणजे कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, रिटायर झालेत ते. पांढरी म्हणजे बँकवाल्या बाई. चंदेरी म्हणजे समोरचा चौदा नंबर. काचेतून हात करायचा, झालं. त्याचं नाव? असेल की काहीतरी.

बंद आहे सध्या ते घर. — का, एजंट काही बोलला का? बोललाच असणार, त्याच्या पोटात काही राहतंय होय! मग माझ्याच तोंडून ऐका, उगाच बाहेरून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा. गेल्या महिन्यात, भरदुपारी सव्वातीनला, चोर घुसला तिथं. मालक नेमका घरी आला, त्याला मारलं आणि पळाला. एवढंच. मीच त्याला माझ्या गाडीत घातलं, मीच दवाखान्यात नेलं, मागच्या सीटवरचे डाग अजून जात नाहीत. त्याची बायको, वहिनी, माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, भाऊजी, तुमच्यामुळे वाचले हो हे. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोललो आम्ही. पहिल्यांदा! आणि काय बोलल्या, तर हे.

सापडला नाही, नाही. कसा सापडेल? — म्हणजे पळाला ना तो. आता मालकाचंच बघा, दुपारी घरी यायचं काय अडलं होतं? ताप आला म्हणे. बरं, गाडी गॅरेजला टाकलेली, म्हणून स्टेशनवरून चालत. इथं चालत कोण येतं, सांगा! आणि रिमोट गाडीत, गाडी गॅरेजात, घरात कुणी नाही. मग चढला भिंतीवर. स्वतःच्या घराच्या भिंतीवर! डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, पाठीला सॅक — तुम्ही असता तर काय समजला असता? डॉक्टरांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, चौदाच्या भिंतीवर माणूस. मी त्या दिवशी रजेवर. मुलीची हॉकी स्टिक दाराशीच असायची, तिथं, छत्रीच्या शेजारी — बुटात पाय घालायलासुद्धा थांबलो नाही मी—

अहो, उठलात का? बसा. बसा ना. स्वयंपाकघर राहिलंय अजून.

पहिला फटका घोट्यावर बसला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला, आणि तो पोतं टाकल्यासारखा खाली. डॉक्टर गॉल्फची काठी घेऊन आलेले, मारलं त्यांनीही — एकदा, कमरेत. बँकवाल्या बाई त्यांच्या गॅलरीतून ओरडतायत, सोडू नका, सोडू नका त्याला! दुसरा माझा, खांद्यावर. तिसरा तोंडावर. मास्क लाल झाला, घसरला हनुवटीखाली, आणि त्या तसल्या तोंडानं तो म्हणाला, चौदा. मी चौदा. डॉक्टरांनी ऐकलं, त्यांच्या हातून काठीच गळाली. मीही ऐकलं. नीट ऐकलं. आणि अजून दोनदा मारलं. डोळा गेला तो त्यातल्या दुसऱ्याला. डॉक्टर म्हणतात, तुमचं भान गेलं होतं हो, होतं असं. मी हो म्हणतो. पण ताई, भान होतं. लख्ख होतं. त्याच्या शर्टाचं मधलं बटण तुटलेलं होतं, ते दिसत होतं मला. अकरा वर्षं काचेतून हात केला त्या माणसाला, त्याचा चेहरा पहिल्यांदा एवढा जवळ आला — आणि तो फुटताना बघायचा होता मला. का ते विचारू नका. मीच विचारतोय, रोज.

मग ठरलं, चोर पळाला. बाई खाली आल्या, तिघांचं ठरलं, उभ्या उभ्या, तो पायाशी पडलेला असताना. डॉक्टरांनी पाइप लावून रस्ता धुतला. स्टिक मी जाळली, मोजेही जाळले. पोलीस येऊन गेले, चहा पिऊन गेले. निभावलंही असतं सगळं — पण शुद्धीवर आल्यापासून तो म्हणे सगळ्यांचे पाय बघतो. दवाखान्यातले डॉक्टर आले, पाय. नर्स आली, पाय. वहिनी इथं, या सोफ्यावर बसून हसत सांगत होत्या, भाऊजी, यांनी एकच घोकलंय, पिवळे मोजे, पिवळे मोजे. मोज्यांवर चोर येतो का हो कुठं? आमची हीसुद्धा हसली. मग हसायची थांबली. मुलीनं विणलेले होते ते, माझ्या वाढदिवसाला, एक उंच एक बुटका. वहिनी गेल्यावर हिनं माझा खण उघडला, हात घालून तळापर्यंत चाचपला, बंद केला. सकाळी मुलीला घेऊन भावाकडे गेली. सोळा दिवस झाले.

रविवारी घरी आणतायत त्याला. त्याच्या पलंगाची खिडकी आणि ही खिडकी, समोरासमोर. म्हणून म्हणतो, आज हो म्हणा. किंमत तुम्ही सांगाल ती. सामानसुद्धा ठेवून जातो. उद्या सकाळी मी इथं नसेन, बस—

कोण थांबलं? जरा पडदा बाजूला करा. कुठल्या रंगाची? — चंदेरी? आज शुक्रवार आहे ना? आज कसा — उतरतोय? वहिनींचा खांदा धरून? इकडे बघतोय? ताई, हात नका करू, खाली घ्या तो हात! — आणि तुम्ही माझ्या पायांकडे काय बघताय? सांगितलं ना, अनवाणी असतो मी! महिनाभर मोजा शिवला नाही पायाला!

निघा तुम्ही. नाही विकायचं मला घर. मागच्या दारानं जा, कुंपणाला धरून डावीकडे — अहो, जा म्हणतो ना!

...

आलो वहिनी, आलो. त्यांना कशाला चालवत आणलंत एवढ्यात — एक मिनिट हं. बूट घालतो.