वत्सलाबाईंची अंगठी

मंडळी, आज एकच विचारतो. गुरूनं काय करायचं — चूक पकडायची, की बोलणं ऐकायचं? खांबाला टेकलेले मास्तर हसले बघा! हसा मास्तर, आख्यान तुमच्याच धंद्याचं आहे!

इचलकरंजीची पोर, वत्सला इंगवले. वडील मागावर कामाला. पोरगी विद्यापीठात गेली आणि विषय कोणता घेतला? फ्रेंच! आई म्हणाली, "अगं, ही भाषा बोलणार कुणाशी? म्हशीशी?"

पहिल्याच तासाला रेगे सर म्हणाले, "तुझ्या गावाबद्दल सांग. फ्रेंचमध्ये." वत्सला उभी राहिली. चार शब्द बोलली — त्यात पाच चुका! सर डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले एवढंच, "ए पुई?"

म्हणजे काय, मंडळी? म्हणजे — आणि पुढे?

पुढे काय! पोरीनं माग सांगितला, मागाची खडखड सांगितली, बाबांच्या केसांत अडकलेला कापूस सांगितला. चुका सरांनी दाखवल्या, पण तास संपताना, हळूच.

बोबड्या बोलाला बाई, माय बसे कान देऊन
चुका राहती दाराशी, बोल घरात येई न्हाऊन

त्या बोलण्यावर वत्सला फ्रान्सला जाऊन आली. डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली, सरांच्याच खुर्चीवर विभागप्रमुख म्हणून बसली. पण बोटात आली एक अंगठी! विद्यार्थी चुकला की टेबलावर — टक्! वाक्य पहिल्यापासून. पुन्हा चुकला? टक्! वर्गाची भाषा कशी लख्ख झाली! आणि वर्ग? मुका झाला.

एके सकाळी परवीन, वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, समोर येऊन उभी राहिली. "मॅडम, मी विषय सोडते."

"का गं? तुला तर इतकं छान येतं!"

"येतं, मॅडम. पण तोंड उघडायच्या आधीच अंगठी ऐकू येते."

बाईंना राग आला. "मग काय चुकीचं बोलू द्यायचं? आज संध्याकाळी आभार तू मानणार आहेस ना? तेवढं कर. मग काय ते ठरव."

संध्याकाळी विभागाचा समारंभ. पाहुणे कोण? रेगे सर! ऐंशी ओलांडलेले, दोघांनी धरून आणलेले. फ्रेंचमध्ये बोलायला उभे राहिले. भाषा थकली होती, मंडळी. एक शब्द निसटला. दुसरा आठवेना, भलताच आला. पहिल्या रांगेत बाईंचा हात खुर्चीच्या लाकडी दांड्यावर — आणि...

टक्!

सभा गार! बाईंनी ठरवून केलं का हो? नाही! हातानंच केलं. सर थांबले. पहिल्या वर्षाच्या पोरासारखे बघत म्हणाले, "चुकलं का गं माझं, वत्सला?"

बाईंनी अंगठी ओढली, निघेना! बोटात रुतलेली. मग त्या उठल्या, व्यासपीठाच्या पायरीवर सरांच्या पायाशी बसल्या. हात पदरात गुंडाळला. डोळे मिटले. म्हणाल्या, "ए पुई, सर?"

सरांचा चेहरा उजळला! बोलले ते. तितकेच चुकले, आणि पोटभर बोलले.

मग परवीन आली, आभार मानायला, फ्रेंचमध्येच. दुसऱ्याच वाक्याला अडखळली, थांबली. नजर गेली पायरीकडे. बाईंचा हात अजून पदरातच होता. नुसते ओठ हलले — ए पुई?

पोरगी बोलली, मंडळी! शेवटपर्यंत बोलली!

आता बाईंना नावं ठेवू नका. तुमची अंगठी कुठं वाजते, ते सांगा! नवी सून स्वयंपाकघरात बिचकत काही सांगते — टक्! म्हातारा बाप तीच गोष्ट पुन्हा सांगतो — टक्! आणि तुम्ही? इथं येऊन ताल सोडता, अभंगाचा चरण गिळता, भलतीकडेच सूर लावता. पांडुरंगानं कधी टक् केलं?

बघा त्याच्याकडे. दोन्ही हात कमरेवर घट्ट ठेवलेत. चुकून वाजायला नकोत! आणि डोळे मिटून विचारतोय —

"बाळा, पुढे?"