दात बघून घेतलेला कॉम्प्युटर

भावकू : शेपूट धरून दाखवू नको. शेपूट धरून दाखवलेलं जनावर मी घेत न्हाय.

नागेंद्र : शेपूट न्हाय आज्जा, वायर आहे. पॉवर सप्लायची.

भावकू : मग पुढनं दाखव. तोंडाकडनं.

दिपाली : आज्जा, कॉम्प्युटरला तोंड नसतंय.

भावकू : तोंड न्हाय, मग खाणार काय?

दिपाली : करंट खातंय. काका, तुम्ही पुढचं दाखवा. कडोलीची पाचची बस आहे. त्याच्या आत आज्जानं मान हलवली न्हाय, तर ह्याच पैशाचं बाबा उद्या कडबा कुट्टीचं मशीन आणणार.

नागेंद्र : गेम तू खेळणार, मान ह्यांची?

दिपाली : आमच्या घरात बैल, मोटार, सून, काय बी आणायचं तर आधी आज्जा बघतोय. चाळीस वर्षं अख्ख्या गावाला शर्यतीचे बैल निवडून दिलेत.

भावकू : सुना चार आणल्या. एक बी परत गेली न्हाय.

नागेंद्र : मोठं काम आहे. बरं, हा डबा बघा. ह्याच्यातच सगळं बसतंय. पुढं तीन पंखे, तिन्हीला रंगीत लाईट.

भावकू : कपाळावर तीन भोवरे? असला बैल दावणीला बांधला की वर्षात घर बसतंय.

दिपाली : भोवरे न्हवं आज्जा, पंखे. आतलं तापू नये म्हणून.

भावकू : कशाला बी असू देत. दोन पुढं, एक मागं असला तर बोल. पाठीवरचा भोवरा चांगला.

नागेंद्र : आज्जा, तुम्हाला कुणी सांगितलं?

भावकू : काय?

नागेंद्र : हेच की. पुढनं गार हवा आत, मागनं गरम बाहेर. मागं एक पंखा पाहिजेच. दुकानातल्या पोरांना मी सहा महिने शिकवालोय.

भावकू : बैल बघायला शिकीव, आठ दिवसांत कळंल. पुढं?

नागेंद्र : रॅम. सोळा जीबीची ही एक पट्टी.

भावकू : एकट्यावर जू ठेवणार व्हय? जोडी काढ.

दिपाली : आठ-आठच्या दोन द्या काका. तशा जास्त पळतात. मी सांगणारच होते.

भावकू : एका आईच्या बघ. रंग एक, उंची एक.

नागेंद्र : एकाच बॉक्सातल्या आहेत.

भावकू : मग सख्ख्या. बाजूला काढ. आता हे काय, एवढं जपून आणालास?

नागेंद्र : ग्राफिक्स कार्ड. गेमचा सगळा जीव ह्याच्यात. ह्या बजेटात असलं कार्ड बेळगावात कोण देणार न्हाय. नवं कोरं. दिपाली, हे सोडू नकोस.

दिपाली : आज्जा, हे घेऊया? मैत्रिणी बघून गप्प होतील.

भावकू : ही सोनेरी किनार कसली?

नागेंद्र : ती बोर्डाच्या खाचेत बसते.

भावकू : म्हंजे दात.

दिपाली : तसंच समज.

भावकू : तसंच समज न्हाय. दातच. उजेडात आण.

(भावकू कार्ड घेऊन दुकानाच्या दारात उन्हात उभा राहतो आणि किनारीवर नख फिरवतो.)

भावकू : दीपे, टेबलावर ते दुसरं स्वस्तातलं कार्ड हाय, ते बी आण. दोन्ही शेजारी धर. काय दिसतंय?

दिपाली : स्वस्तातल्याची किनार गुळगुळीत आहे. ह्याच्यावर बारीक ओरखडे. उभे.

भावकू : चारा खाल्लेला हाय ह्यानं. नागेंद्रा, बाजारात म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून खोंड म्हणून आणतात. तू कशानं घासलास?

नागेंद्र : आज्जा, हळू. आत गिऱ्हाईक आहे.

भावकू : हळूच विचारालोय.

नागेंद्र : खोडरबरानं.

दिपाली : काका, सेकंडहँड आहे हे?

नागेंद्र : बेंगळूरहून येतात. एका खोलीत असली ऐंशी कार्डं, रात्रंदिवस चालू. कॉम्प्युटरवरची नाणी पाडायला, बिटकॉइनसारखी. दोन वर्षं पाडली, मग कार्डं विकली.

भावकू : खोलीला खिडकी?

नागेंद्र : नसणार.

भावकू : बेंदराच्या सणाला तरी सोडत हुते का रं?

नागेंद्र : न्हाय आज्जा. बेंदराला बी न्हाय.

भावकू : घाण्याचा बैल. गोल फिरून फिरून त्याला सरळ रस्ता ठावं न्हाय. दीपे, तुझा सामना कवा?

दिपाली : रविवारी. आम्ही चौघी, समोर निपाणीची पोरं. गेल्या टायमाला मामाच्या लॅपटॉपवर खेळलते, तो ऐन वेळी अडकला. माझ्यामुळं हरलो.

भावकू : बोलल्या व्हय तुला?

दिपाली : कोण काय बोललं न्हाय. तेच लागलं.

भावकू : मग हे नको. हे भर सामन्यात बसंल. आणि त्याला तरी काय बोलायचं, दमलंय ते. ह्या स्वस्तातल्याचं सांग.

नागेंद्र : हे खरंच नवं. ताकद बेताची. चित्र एवढं झळकत न्हाय, पण मधे थांबणार न्हाय. खोटं सांगत न्हाय आता.

दिपाली : झळकू दे, न्हाय तर न झळकू दे. मधे थांबलं न्हाय म्हणजे झालं.

भावकू : हे बांध. आणि ते दमलेलं कुणाला विकू नको.

नागेंद्र : मग काय करू आज्जा?

भावकू : ठेव की कोपऱ्यात. वाऱ्याला. जरा निवांत बसू दे.

नागेंद्र : कार्डाला?

भावकू : मग कुणाला?

नागेंद्र : बरं. ठेवतो.

भावकू : आता हात दे. ह्या टॉवेलाखाली.

नागेंद्र : आज्जा, इथं यूपीआय चालतंय की.

भावकू : ते नंतर. आधी बोटं धर. बैलबाजारात भाव बोटांवरच ठरतोय, चारचौघांत बोलायचा नसतोय.

नागेंद्र : वर कॅमेरा आहे.

भावकू : म्हणून तर टॉवेल. ही किती बोटं?

नागेंद्र : अय्यो. एवढ्यात न्हाय जमत. हे घ्या.

भावकू : अंगठा सोड.

नागेंद्र : अंगठा सोडला तर मला काय राहतंय? बरं, अर्धा.

भावकू : अर्धा अंगठा पहिल्यांदाच बघालोय. जमलं.

दिपाली : कितीला ठरलं?

भावकू : विचारू नये.

दिपाली : पैसे मीच पाठवणार आहे आज्जा, मोबाईलवरनं.

भावकू : मग त्याच्याकडनं कानात ऐकून घे.

नागेंद्र : बिल करतो. नाव काय घालू?

दिपाली : भावकू रवळू. आमच्याकडं सगळं आज्जाच्या नावावर असतंय.

भावकू : माझं नको. मी हाकणार हाय व्हय ते?

नागेंद्र : मग हिच्या बाबांचं?

भावकू : त्याला कुट्टी पायजे हुती. कुट्टी आणंल तवा त्याच्या नावावर कर. हे हिचं.

नागेंद्र : सांग दिपाली, पूर्ण नाव.

दिपाली : आज्जा?

भावकू : माझ्याकडं काय बघतीस? नाव तुझं हाय, तूच सांग.