हाकेला दहाचा भाव

मंडळी, आज कीर्तनात एकच विचारतो— जिंकून माणसाला मिळतं काय? पैसा? ओ मधल्या रांगेतले, लगेच मान काय डोलावताय! आधी ऐका तरी!

पुण्यात दिगंबर खरवंडीकर नावाचे गृहस्थ. घड्याळं दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. बायको सुमती. मूलबाळ नाही, दोघांना दोघंच. आणि दिगंबररावांना नाद कसला? घोड्यांचा! रविवार आला की चालले रेसकोर्सवर!

खेळायचे टोटवर. टोट म्हणजे काय? सगळ्यांचे पैसे एका भांड्यात! सरकारचा नि क्लबचा वाटा बाजूला, उरलेलं जिंकणाऱ्यांनी वाटून घ्यायचं. आपल्या प्रसादासारखं हो— माणसं वाढली की हातावर चिमूटभर! दिगंबरराव चिडायचे. "घोडा ओळखला मी, आणि वाटेकरी हे एवढे? मला एकट्याला पाहिजे!"

एकट्याला! इथंच घसरतो बघा माणूस.

एका रविवारी खिसा रिकामा झाला, शर्यत एक उरली. हे बुकींच्या रांगेत शिरले. तिथं भांडं नाही, वाटणी नाही. बुकी भाव सांगणार, हरला तर तो एकटा देणार, तुम्ही एकटे घेणार. रांगेच्या टोकाला एक बुकी बसलेला. पाटीवर नाव नाही. मैदानात एवढा गलका— पण त्याच्यापुढं उभं राहिलं की चिडीचूप!

"जलपरी घोडी. एकाला दहा," बुकी म्हणाला.

"पैसे संपले हो."

"पैसे कोण मागतंय? घरी तुम्हाला हाक कोण मारतं?"

दिगंबरराव हसले. "बायको! दिवसभर अहो, अहो! डोकं उठवते नुसतं."

"ती हाक लावा."

"लावली!"

गंमत म्हणून बोलले हो! टोटची सवय ना! टोटवर तिकीट हातात पडेपर्यंत पैज होत नाही. पण बुकीकडे? तोंडातून शब्द गेला, की झाली!

जलपरी जिंकली. बुकी एवढंच म्हणाला, "घरी पोचतं होईल."

संध्याकाळी जिन्यात पाय ठेवतात तोच— "अहो, आलात का?" वरून हाक. "अहो!"— माळ्यावरून. "अहो!"— भिंतीतून. "अहो!"— पाठीमागून, अगदी कानाशी! आत जाऊन बघतात, तर सुमतीबाई भाकरी थापतायत, ओठ मिटलेले! एक हाक मूळची, दहा जिंकलेल्या. आवाज तोच, हेल तोच!

आधी ते धावायचे. माळ्यावर कुणी नाही, मोरीत कुणी नाही. "कुणाला शोधताय हो?" सुमतीबाई विचारायच्या. सांगणार काय, कपाळ! शेवटी कानात बोळे घालून दुकानात बसायला लागले. बोळ्यांतूनही हाका यायच्याच.

एके सकाळी मोरीतून आली. "अहो... अहो, इकडे या हो..."

दिगंबरराव डोळ्याला भिंग लावून बसलेले. म्हणाले, "चालू द्या तुमचं!" बराच वेळ हाक येत राहिली. मग थांबली. त्यांना बरं वाटलं! मंडळी, बरं वाटलं हो!

जेवायला वर गेले, तर चूल थंड. सुमतीबाई मोरीत पडलेल्या, हात दाराकडे.

एक हाक गेली. दहा अजून येतात— तिच्याच आवाजात! आणि आता ते प्रत्येक हाकेला उठतात. "आलो गं, आलो," करत रिकाम्या घरात फिरतात. वाटेकरी कुणी नाही. एकट्याला पाहिजे होतं ना? मिळालं!

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं रेसला जातो? मग मघापासून खिशात तो मोबाइल काय खणखणतोय? अख्खं जग हाका मारतंय तुम्हाला! त्यात आपल्या माणसाची कुठली, येते ओळखता? ती ओळखता येईना, तर देवाची काय डोंबल ओळखणार!

आज शेवटचा गजर नाही. पेटी मिटा, टाळ खाली ठेवा. घरी ज्यांना एकटं ठेवून आलात, त्यांच्याकडे जा. बसलात काय? पळा हो!